पडतो झकास

"याला बाकी काही येत नाही. पण पडतो झकास."

सर असं म्हणले आणि पंधरा-वीस माणसं हसली. पुण्याहून पाहुणे आलते, त्यांच्यापुढं म्हणले. माझा उजवा हात अजून सरांच्या मुठीत. मी गुडघ्यावर, गाल मॅटला टेकलेला. मॅटला रबराचा वास येतोय आणि त्या वासात तोंड खुपसून मी ऐकतोय, मला बाकी काय येत न्हाय.

आणि मी हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. न्हायतर पुढं ऐकताना तुम्ही सरांना शिव्या घालाल आणि मला बिचारा म्हणाल. तसलं काय नको. गाल टेकलेला असताना मी हसलो. मग उठलो, कमरेत वाकून सरांना नमस्कार केला, पाहुण्यांकडं वळून त्यांनाबी केला. त्यातला एकजण म्हणला, गुणी मुलगा आहे. मी एकतीस वर्षांचा होतो. घरात माझी पोरगी दुसरीत होती.

आयकिडो म्हणजे काय, हे आमच्या कोल्हापुरात फारसं कुणाला ठाऊक न्हाय. कुस्ती म्हणलं तर शेंबडं पोरगंबी तुम्हाला डाव सांगंल. कराटे म्हणलं तर फळी फोडायची, एवढं कळतंय. आयकिडो म्हणलं की लोक म्हणत्यात, हे आणि काय काढलंस? जपानची विद्या हाय. समोरचा अंगावर आला तर त्याला अडवायचं न्हाय. त्याचाच जोर घ्यायचा, त्याला फिरवायचं आणि सोडून द्यायचं. तो पडतोय, पण त्याला लागता कामा नये. स्पर्धा न्हाय, बक्षीस न्हाय, जिंकणं-हरणं न्हाय. सर सांगायचे, ही मारामारी न्हवे, साधना हाय, अहंकार गाळायची.

त्यात जो पडतो त्याला उके म्हणत्यात. एकजण टाकायला शिकतो, एकजण पडायला. दोघांनी मिळून एकच काम करायचं. आणि रीत अशी की चार वेळा एकानं टाकायचं, मग पाळी बदलायची, चार वेळा त्यानं पडायचं. जगात कुठल्याबी क्लासात जा, हेच चालतंय, असं सरांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलंतं.

माझी टाकायची पाळी अडीच वर्षांत एकदाबी आली न्हाय.

मी तिथं पोचलो कसा, ते सांगतो. सरांचा एमआयडीसीत पंपाचा कारखाना. मी स्टोअरला. बेअरिंग, सील, नट-बोल्ट काढून द्यायचं काम. सरांचं घर मोठं, आजोबांपासून गावात नाव. ताराबाई पार्कात बंगला, वरच्या मजल्यावर हॉल, तिथं बुधवारी आणि रविवारी क्लास. एकदा नव्या मॅट आल्यात्या, त्या वर चढवायला मला पाठवलं. मॅट अंथरून झाल्या. सर म्हणले, जरा उभा राहा इथं. माझं मनगट धरलं आणि फिरवलं. मी गडगडलो आणि त्याच झोकात उठून परत उभा.

सर बघतच राहिले. त्यांना काय ठाऊक, माझ्या आबांनी मला सहाव्या वर्षी तालमीत घातलंतं. आबा म्हणजे माझा बाप. शाहूवाडीकडचा पैलवान. बौद्धवाड्यातनं जत्रेच्या फडात उतरणारा त्या वेळी तो एकटाच. दोन्ही कान मोडलेले, सुकल्या अंजिरागत. त्यानं मला बारा वर्षांचा होईपर्यंत लाल मातीत कोलांट्या मारायला लावल्या. पुढं शाळा, मग आयटीआय, मग तालीम सुटली ती सुटलीच. पण अंगानं काय विसरलं न्हवतं.

सरांच्या क्लासात सगळी बडी माणसं. एक डॉक्टर बाई, एक वकील, दोघं बिल्डरची पोरं, कॉलेजच्या चार-पाच मुली. टाकायची हौस सगळ्यांना. पडायला कोण तयार न्हाय. वकिलाची कंबर धरायची, बिल्डरच्या पोरांचा मोबाईल नेमका तेव्हाच वाजायचा. मग सरांनी मला विचारलं, येतोस का रोज? रोज म्हणजे त्या दोन दिवशी. मला जुना पांढरा ड्रेस दिला, सरांचाच, बाह्या दुमडून घालायचो. मी खूश. खोटं कशाला बोलू, मी लई खूश होतो.

कारण सांगतो. क्लास सुरू होताना समोरासमोर गुडघ्यावर बसायचं, दोन्ही हात टेकायचे आणि डोकं जमिनीकडं न्यायचं. दोघांनी. पहिल्या दिवशी माझ्यासमोर डॉक्टर बाई बसल्या आणि त्यांनी डोकं टेकवलं. माझ्यापुढं. माझ्या शिक्षणापायी शहरात येऊन माझी आई त्याच गल्लीत दोन बंगले सोडून फरशी पुसायची. तिला मी आयुष्यभर वाकलेलंच बघितलंय. गावाकडं आमची माणसं वाटेनं येणाऱ्याला आधी वाकायची, मग बोलायची. आणि हितं एक डॉक्टर, गळ्यात मोत्याची माळ काढून बाजूला ठेवलेली, माझ्यापुढं कपाळ टेकवती. माझे डोळे भरून आले. मी मान वर करायला उशीर लावला, कुणाला दिसू नये म्हणून. त्या एका वाकण्यावर मी अडीच वर्षं काढली बघा.

बाकीचं दिसत होतं, पण मी ते बघायचं न्हाय असं ठरवलंतं. रांगेत जुना आधी, नवा शेवटी, अशी बसायची पद्धत. कालची आलेली मुलगी माझ्या आधी बसायची. मी कायम शेवटी, दाराशी. परीक्षा झाल्या. सगळ्यांचे पट्टे बदलले, दोघांना तो काळा घोळदार हाकामा मिळाला, लुंगीवर लुंगी नेसल्यागत दिसतोय पण मान मोठा त्याला. मी त्या सगळ्या परीक्षांत होतो. प्रत्येकाचा उके मीच. माझी परीक्षा घ्यायची सरांना आठवण झाली न्हाय आणि मी काढून दिली न्हाय. क्लास संपला की सगळ्यांनी मिळून मॅट पुसायच्या असत्यात, तोबी साधनेचाच भाग. रविवारी सगळी मिसळ खायला गाड्या काढून जायची. मॅट मी पुसायचो. एकदा विचारलं की सर, माझी टाकायची पाळी कधी. सर म्हणले, अजून शिकतोयस तू. वर्षानं परत विचारलं. म्हणले, तू इतका छान पडतोस, बाकीच्यांना सराव नको का?

हे ऐकून मला बरं वाटलं. हेबी सांगतो. बरं वाटलं मला.

सर बोलायचे सुंदर. ऐकत राहावं असं. आयकिडोतला मधला शब्द की. की म्हणजे प्राणशक्ती, ती सगळ्यांत सारखीच असते, झाडात, माणसात, राजात, भिकाऱ्यात. एकदा मी न राहवून बोललो, सर, मग आमच्या कोल्हापुरात ती लई हाय. चल की, बस की, खा की. सगळी खदाखदा हसली. सरपण हसले, आणि म्हणले, तुझी सगळी की जिभेतच संपली. परत हशा. या वेळचा हशा वेगळा होता, पण मी त्यातबी सामील झालो. हसणाऱ्यांत आपण असलं की आपल्यावर हसत्यात असं वाटत न्हाय.

आता जे सांगतो ते मी बायकोलाबी सांगितलं न्हवतं.

एका बुधवारी सर मनगट फिरवायचा डाव दाखवत होते. उन्हाळा. हात घामानं निसटला. माझं मनगट मोकळं झालं आणि मी उभाच राहिलो. सगळी बघायलीत. सर हसत हसत माझ्या कानाजवळ आले आणि ओठ न हलवता म्हणले, "पड."

मी पडलो. असा पडलो की कॉलेजच्या मुलींनी आ वासला. हवेत गोल फिरून पाठीवर, हात मॅटवर फाडकन. टाळ्या. सर म्हणले, बघितलंत? जोर लावला नाही मी. खरंच होतं ते. त्यांनी जोर लावलाच न्हवता.

त्यानंतर सरांना कधी सांगावं लागलं न्हाय. गाडीचा आवाज आला की रस्त्यातलं कुत्रं आपणहून बाजूला होतंय बघा, तसं माझं झालं. खांदा हलला की मी पडायचो. डोळा हलला की पडायचो. कुठल्या डावाला कुठल्या बाजूला पडलं की सर उंच दिसतील, याचा मी घरी न्हाणीत उभा राहून विचार करायचो. आधी मी पडायला शिकलो ती विद्या होती. हे काय होतं, त्याला त्या वेळी माझ्याकडं शब्द न्हवता.

शब्द आबांनी दिला.

कारखान्याचं स्नेहसंमेलन होतं. सकाळी दहाला, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. कामगारांनी घरच्यांना आणायचं, सरांचं प्रात्यक्षिक, मग जेवण. मी आबांना म्हणलं, चला, माझा कार्यक्रम हाय स्टेजवर. त्यांनी विचारलं, कसला? मी म्हणलं, कुस्तीगतच. पोराची कुस्ती म्हणल्यावर म्हातारा हरखला. धुवट धोतर काढलं, डोक्याला फेटा बांधला, पुढून तिसऱ्या रांगेत येऊन बसला. गावाकडनं येऊन आमच्याकडं राहायला लागल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच फेटा बांधलाता.

स्टेजवर मी सरांवर धावून गेलो आणि पडलो. परत धावून गेलो, परत पडलो. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, डोक्यावरनं. स्पीकरवर बासरी लावलीती. शेवटी सरांनी माईक घेतला आणि सांगितलं, आता स्पर्शाविना. मी सगळा जोर लावून धावलो. सरांनी दोन हात लांबनंच नुसता तळवा दाखवला. मी उडालो. पाठीवर पडलो आणि घसरत स्टेजच्या कडेपर्यंत गेलो. हॉल दणाणला. मी पडल्या पडल्या तिसऱ्या रांगेत बघितलं. आबांचे हात मांडीवर होते.

जेवण झालं. गाडीवर माघारी निघालो. आबा मागं बसलेले. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं रसाचा गाडा दिसला. त्यांनी पाठीवर थाप मारली, थांब म्हणून. रसाचा ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"नुरा व्हती?"

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. कोण पडायचं ते फडात उतरायच्या आधीच ठरलेलं. पैलवानाला चोर म्हणा, दारुड्या म्हणा, एक वेळ चालंल. नुरा खेळतो म्हणलं की संपलं.

मी समजावायला लागलो. आबा, ही कुस्ती न्हवे. ह्यात हार-जीत नसतीच. ह्यात पाठ लागली म्हणजे हरला असं न्हाय. दोघांनी मिळून करायचं असतंय, समन्वय असतो, साधना असती. सरांचीच वाक्यं, सरांच्याच आवाजात बोलत होतो मी. आबांनी सगळं ऐकून घेतलं. ग्लास रिकामा करून गाड्यावर ठेवला. मग म्हणले,

"मग त्येची पाठ का लागली न्हाई? येकदा बी?"

रसवाला पोतं झटकत होता. मी पुलाकडं बघत राहिलो.

मग आबांनी सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, आवाज न चढवता. तरणे होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या गावच्या जत्रेत त्यांची कुस्ती पाटलाच्या भाच्याबरोबर लागलीती. वस्तादांनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं, आज पडायचं, न्हायतर आपल्याला ह्या फडात परत उतरू देणार न्हाईत. आबा पडले. पाटलानं खूश होऊन त्यांना फेटा दिला, नारळ दिला. आबांनी घरी येऊन सांगितलं, जिंकलो. माझ्या आजीनं दारात त्यांना ओवाळलं.

"मरंस्तोवर तिला ठावं न्हवतं," आबा म्हणले. "पर मला निदान सांगाय तरी लागलं. तुला सांगाय बी लागत न्हाई."

एवढंच. मग गाडीवर बसले. पूल ओलांडताना मला मागून त्यांचे गुडघे लागत होते. म्हाताऱ्यानं डोक्याचा फेटा कधी सोडला ते मला कळलं न्हाय. घरी आलो तेव्हा तो गुंडाळी करून काखेत होता.

आता तुम्हाला वाटंल, पुढच्याच रविवारी मी जाऊन दणका दिला. कसला दणका. पुढच्या रविवारी मी गेलो आणि पडलो. त्याच्या पुढच्या बुधवारी पडलो. तीन आठवडे पडलो. फरक एवढाच की आता पडताना मला ते दिसायचं. सरांचा हात अजून पोचला न्हाय, आणि माझा पाय सुटला. तालमीत वस्ताद म्हणायचे, मातीला खोटं कळतंय. मॅटलाबी कळत असंल. मी रात्री पोरीशेजारी आडवा झालो की ती विचारायची, पप्पा, आज किती वेळा पडलासा? तिला तो खेळ वाटायचा. मी आकडा सांगायचो, ती टाळ्या पिटायची. एका रात्री मी तिला म्हणलं, गप झोप. आणि भिंतीकडं तोंड केलं. पोरीवर का ओरडलो म्हणून बायको चिडली. ती लाज कुणाला दाखवायची? बायकोला दाखवली तर तिला नोकरी जाताना दिसती, बापाला दाखवली तर मला त्याचा फेटा दिसतो.

चौथ्या रविवारी सरांनी मला पुढं बोलावलं. मनगटाचाच डाव. मी मनाशी ठरवलं, आज खरं करायचं. खोटं पडायचं न्हाय, अडायचंबी न्हाय. शिकवलंय तसं धावून जायचं, हात द्यायचा, आणि खरंच तोल गेला तर पडायचं. पहिल्यांदा तोल गेला, पडलो. दुसऱ्यांदा थोडा गेला, पडलो. तिसऱ्यांदा सरांना ओढावं लागलं. चौथ्यांदा त्यांनी चक्क पाय घातला, जो आयकिडोत घालायचाच नसतो, आणि मी आदळलो. डावा कोपर खरचटला.

मी उठलो. सरांसमोर गेलो. धावायच्या ऐवजी उभा राहिलो आणि स्वतःचा उजवा हात पुढं केला, मनगट वर करून, टाकणारा करतो तसा. वाकून नमस्कार केला. आणि म्हणलं,

"चार झाली, सर. आता पाळी बदला."

सरांना आधी कळलंच न्हाय. मग ते हसले. म्हणले, आज काय बरं वाटत नाही का? मी हात तसाच ठेवला. तोंडातनं शब्द निघाला तो सवयीनं, "सॉरी सर." बघा, नकार देतानाबी मी सॉरी म्हणलो. पण हात मागं घेतला न्हाय.

सरांचं हसू गेलं. आवाज चढवला न्हाय त्यांनी. अगदी समजावल्यागत म्हणले, "तुला पडायला बोलावलं होतं. शिकायला नाही."

अडीच वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होतो ते एवढंसं होतं. ऐकलं, आणि मी हात खाली घेतला. भीती होती ती खरी ठरली, आता भ्यायचं काय? मी मॅटच्या कडेला आलो. मॅटवरनं उतरताना वाकायची पद्धत हाय. मी मॅटला वाकलो. त्या मॅटनं मला कधी काय म्हणलं न्हवतं. सरांना वाकलो न्हाय.

दाराशी बसून बूट घालत होतो. मागं सरांनी वकिलाला पुढं बोलावलं. तोच डाव. वकील धावला, सरांनी मनगट फिरवलं. वकील उभाच. सर म्हणले, सैल सोडा, अंग सैल सोडा. परत फिरवलं. वकील बिचारा इमानदारीत उभा. त्याला पडायचं होतं, पण कधी पडायचं तेच कळंना. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा तो आई गं म्हणून मनगट धरून खाली बसला. कुणी हसलं न्हाय. लेस बांधता बांधता माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. ह्या माणसाला टाकता येतच न्हाय. आणि त्याला येतंय असं गावभर दाखवणारा मी होतो. माझ्या पाठीनं दाखवलं ते.

फाटकापाशी डॉक्टर बाई मागून आल्या. ड्रेसवरच आल्या, पायात चप्पल न्हाय. हळू आवाजात म्हणल्या, तुझं बरोबर होतं, पण वेळ चुकली. सगळ्यांसमोर नको होतं. मी म्हणलं, "बाई, मग बरोबर वेळ कुठली?" त्या वळून वर गेल्या. त्यांच्या वाकण्यावर मी भाळलोतो. त्यावरनं त्या माझ्या बाजूनं उभ्या राहतील असं मीच धरून चाललोतो. त्यात त्यांची चूक कमी, माझी जास्त.

सोमवारी मला स्टोअरमधून काढलं आणि कास्टिंग घासायला टाकलं. दिवसभर धूळ, नाकातोंडात काळं, हातात ग्राइंडर. कारण कुणी सांगितलं न्हाय. मी विचारलं न्हाय. आबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं हूं म्हणले आणि पोरीला घेऊन भाजी आणायला गेले.

इथंच हे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंच नसतं. मानानं निघून आलो, एवढं मनात धरून बसलो असतो.

पण महिन्याभरानं सरांनी मोबाईलवर रील टाकलं. संमेलनातलं ते शेवटचं, स्पर्शाविना. बासरी तीच. मी धावतोय, सर तळवा दाखवत्यात, मी उडतोय. परत हळू करून दाखवलंय. माझं तोंड स्पष्ट दिसतंय, डोळे गच्च मिटलेले. खाली लिहिलंय, अंतर्बाह्य शक्तीचा अनुभव. हजारोंनी बघितलं. क्लासला नवी माणसं यायला लागली म्हणे. आमच्या वस्तीत आलं, कारखान्यात आलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला एका फिटरनं मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. दहा-बारा डोकी त्यावर वाकली. फिटर म्हणला, "भावा, खरं सांग. खरंच हात लावला न्हवता?"

सगळी माझ्या तोंडाकडं बघायलीत. आणि मला दोन वाटा दिसत होत्या. म्हणायचं, व्हय गड्या, काय शक्ती हाय माणसात, विजेचा झटका बसल्यागत झालं. तेवढं म्हणलं की माझी इज्जत राहती. शक्तीपुढं कोणबी पडंल, त्यात लाज कसली? उलट चार लोक विचारत आले असते, कसं वाटलं, सांग की. सरांच्या कानावर गेलं असतं, कदाचित स्टोअरबी परत मिळालं असतं. आणि दुसरी वाट म्हणजे खरं. खरं म्हणलं की ह्या दहा-बारा माणसांसमोर मी कोण ठरणार, ते मला ठाऊक होतं. ह्यांच्याबरोबरच मला रोज जेवायचं हाय.

तोंडात घास होता. तो गिळला.

"हात लावला न्हाय," मी म्हणलं. "आणि शक्तीबी न्हवती. मी आपणहून पडलोय."

कुणाला पटकन कळंना. मी परत सांगितलं. सर खूश व्हावेत म्हणून पडलोय. अडीच वर्षं तसाच पडलोय. ती नुरा हाय. आमच्याकडं नुरा शब्दाला फोड करून सांगावी लागत न्हाय. एकजण पचकन हसला. एकानं मोबाईल उचलला. फिटर म्हणला, "म्हणजे तू चमचाच होतास की रं."

"व्हय," म्हणलं. "होतो."

त्या दिवशी माझ्या टेबलावर परत कोण बसलं न्हाय. पुढं महिनाभर मी दिसलो की एखादा तळवा पुढं करायचा आणि दुसरा खोटंखोटं पडायचा. बाकीची हसायची. या वेळी मी हसत न्हवतो. मी उभा राहून बघायचो, आणि त्यांचं झालं की सांगायचो, बरोबर, असंच झालंतं.

ते रील अजून फिरतंय. सरांना मी ते काढायला सांगणार न्हाय. राहू दे. ज्या मोबाईलवर ते माझ्यासमोर लागंल, तिथं मी सांगणार. कारखान्यात सांगणार, वस्तीत सांगणार, सरांच्या क्लासला निघालेला नवा माणूस भेटला तर त्याला रस्त्यात थांबवून सांगणार. पोरगी मोठी झाली आणि तिनं ते बघितलं तर तिलाबी तोंडावर सांगणार, ओवाळून घेणार न्हाय. हा धावतोय तो मी. हा उडतोय तो मी. मला कुणी टाकलेलं न्हाय. सांगताना दर वेळी लाज वाटती, पहिल्यांदा वाटली तेवढीच वाटती, कमी होत न्हाय. वाटू दे. लाज माझी हाय, ती मी उचलतो. सरांचा खोटेपणा हितनं पुढं माझ्या पाठीवर उभा राहणार न्हाय.